आषाढाची बेगमी : जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यातील साठवणीचा इतिहास

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जुन्नरहून आपटाळ्यावरून घाटघरकडे निघावे, किंवा घोडेगावहून डिंभ्याच्या जलाशयाच्या कडेने आहुप्याकडे. दोन्ही रस्त्यांना एकच दृश्य दिसते. अंगणात फाटीची रास घराच्या पडवीकडे सरकते आहे. भाजलेल्या राबाचे काळे चौकोन खाचरांच्या कडेला उठून दिसतात. ओट्यावर, छपरावर, रस्त्याच्या डांबरावरसुद्धा हिरडा वाळत घातलेला असतो. पश्चिमेकडच्या भिंतीला गवताचा नाहीतर प्लास्टिकचा आडोसा बांधला जात असतो. आभाळ अजून कोरडेच असते. पण घरातल्या प्रत्येक माणसाच्या हालचालीत पाऊस येऊन बसलेला असतो.

या खटाटोपाला मराठीत एक सुरेख शब्द आहे : बेगमी. फारसी ‘बे’ आणि ‘ग़म’ यांपासून आलेला. बेगमी म्हणजे मुळात निर्धास्तपणा, काळजी नसणे. आणि मग ज्यामुळे काळजी राहत नाही तो साठा. पावसाळ्याची बेगमी झाली, म्हणजे चार महिन्यांची चिंता मिटली. शब्द असे सांगतो. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्याचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. इथे बेगमी झाली तरी काळजी क्वचितच मिटली. ती का मिटली नाही, आणि पावसाळ्यातल्या धान्यावर कोणाकोणाचा हात राहिला, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

बंद होणारा मुलूख

शिवनेरीच्या पश्चिमेचा हा प्रदेश म्हणजे जुन्या बारा मावळांतला. मिन्नेर, घोडनेर, भीमनेर, भामनेर ही नावे नद्यांच्या खोऱ्यांवरून पडलेली. कुकडी, मीना, घोड या नद्या घाटमाथ्यावर उगम पावतात आणि पूर्वेला उतरतात. घाटमाथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून तासा-दीड तासाच्या अंतरावरील जुन्नर शहराच्या वाट्याला त्याचा जेमतेम पाव हिस्सा येतो. तालुका एकच, पण त्याच्या दोन टोकांची शेती, घरे, साठवणीच्या पद्धती आणि भुकेचे महिनेही निराळे.

पूर्वेकडच्या कोरड्या मुलखात धान्य जमिनीखाली, पेवात ठेवत. ज्वारी-बाजरीने भरलेले पेव तोंड बंद करून वर्षानुवर्षे ठेवता येई. पश्चिमेला असे पेव खणले तर त्यात धान्याआधी पाणी भरेल. म्हणून मावळात साठवण जमिनीवर आली आणि शक्य तितकी चुलीजवळ गेली. बांबूच्या कामट्यांची विणलेली, शेणामातीने आतबाहेर लिंपलेली कणगी हे तिचे मुख्य रूप. ती दगडांवर किंवा लाकडी फळ्यांवर ठेवतात, म्हणजे खालून ओल चढत नाही. भात टरफलासकट ठेवायचे आणि लागेल तसे कांडायचे, कारण टरफल हेच त्याचे चिलखत. तरी ऐन झडीत भात नीट सडत नाही, कण्या फार पडतात. म्हणून जाणती बाई मृगाच्या आधीच पंधरा-वीस दिवसांचे तांदूळ कांडून ठेवते.

चुलीच्या वरच्या माळ्याचे महत्त्व तर कणगीहूनही जास्त. पुढच्या वर्षाचे बियाणे तिथे धुरात असते. काकडी-भोपळ्याच्या बिया राखेत मिसळून, शेणाच्या गोळ्यात भिंतीला चिकटवून ठेवल्या जातात. कडधान्याला राख चोळतात. कोकणातून आलेले सुकट-बोंबील आणि मीठही चुलीच्या आसपासच. कारण पावसाळी हवेत मिठाला पाणी सुटते आणि उघड्यावर राहिलेले मीठ महिन्याभरात वाहून जाते. नाचणीची चिंता सर्वांत कमी. तिचा दाणा इतका बारीक आणि कठीण की किडीला फारसा वाव मिळत नाही. नीट वाळवलेली नाचणी कित्येक वर्षे टिकते. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीतली ही नाचणी आणि तिच्या जोडीची वरई म्हणजे या भागाची खरी ठेव. भात हे पीक सणाचे आणि देण्याघेण्याचे, नाचणी पोटाची.

साठवायचे किती? सहा माणसांच्या घराला दिवसाला तीन किलो धान्य धरले, तर ज्येष्ठ ते आश्विन या चार महिन्यांना साडेतीन क्विंटलच्या वर धान्य हवे. त्यात बियाणे वेगळे, आल्यागेल्याचे वेगळे, आवणीला मदतीला येणाऱ्यांच्या जेवणाचे वेगळे. शिवाय गुरांसाठी पेंढा आणि गवताची गंजी, जळणाची फाटी, शाकारणीचे गवत, कारवीच्या कुडाची डागडुजी, इरली आणि घोंगड्या. पूल आणि धरणे होण्याआधी ओढे-नद्या भरून वाहू लागल्या की वाड्या आठवडेच्या आठवडे तुटत. जे घरात नसेल ते नव्हतेच.

बर्फ आणि झड

जगात ऋतू बंद होतो अशी ठिकाणे अनेक आहेत. नॉर्वेसारख्या उत्तरेकडच्या देशांत हिवाळ्याची बेगमी हा संपूर्ण संस्कृतीचा आधार होता. तिथल्या शेतघरांशेजारी खुंटांवर उचललेली लाकडी कोठारे असत, उंदरांना आणि ओलीला दूर ठेवण्यासाठी. तत्त्व आपल्या कणगीखालच्या दगडांचेच. मासे लाकडी मांडवांवर थंड वाऱ्यात वाळवत आणि ते वर्षानुवर्षे टिकत.

पण दोन फरक आहेत, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे. पहिला असा की उत्तरेत जो ऋतू माणसाला कोंडतो तोच त्याचे अन्न टिकवतो. थंडी ही वैरीण आणि राखणदारही. सह्याद्रीत कोंडणारा ऋतूच साठ्यावर चालून येतो : बुरशी, कोंब, सोंडे, पोरकिडे हे सगळे पावसाबरोबरच घरात शिरतात. इथे ठेवलेल्या धान्यासाठी चूल रात्रंदिवस धुमसत ठेवावी लागते, म्हणून फाटी हासुद्धा साठवणीचाच भाग.

दुसरा फरक याहून मोठा. उत्तरेकडच्या शेतकऱ्याचे शेतातले काम बर्फ पडले की थांबते. साठ्यावर जगत तो वसंताची वाट पाहतो. मावळातल्या शेतकऱ्याचे सर्वांत कष्टाचे दिवस नेमके साठा संपत येण्याचे दिवस असतात. मृगात पेर, आर्द्रा-पुनर्वसूत चिखलणी आणि आवणी, मग बेणणी. दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून काम करणाऱ्या बाईला जास्त भाकरी लागते, आणि कणगीचा तळ तेव्हाच दिसू लागतो. काम सोडून मजुरीला जावे तर पुढच्या वर्षाचे पीक जाते. थांबावे तर आज खायला नाही.

इथल्या कर्जाचा उगम हा असा शेताच्या आणि पोटाच्या वेळापत्रकातच आहे. उधळेपणा, अडाणीपणा, लग्नकार्याचा खर्च ही कारणे नंतर पुष्कळांनी सांगितली. पण आषाढ दरवर्षी येतो आणि त्याला कोणाचे लग्न लागत नाही.

दगडातली कोठारे

इतिहासाच्या पुस्तकांत जुन्नरच्या साठवणीचा शोध घेऊ लागले की प्रथम दगड भेटतो. नाणेघाटाच्या तोंडाशी सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला. यज्ञांत दिलेल्या गायी, घोडे आणि कार्षापणांच्या मोठमोठ्या संख्या त्यात आहेत. घाटावर दगडी रांजण आहे, जकात गोळा करण्यासाठी तो होता अशी समजूत आहे. कोकणातल्या बंदरांवरून येणारा माल याच वाटेने वर चढे, आणि त्यात मीठही असे.

जुन्नरच्या लेण्यांतले लेख याहून बोलके आहेत. एका लेखात ‘धञिक सेनी’ने, म्हणजे धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान दिल्याची नोंद आहे. दुसऱ्या एका लेखात दानाची रक्कम ज्या श्रेणींकडे ठेव म्हणून दिली, त्यांत वंसकार, म्हणजे बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी येते. त्या वंसकारांनी काय काय विणले हे लेख सांगत नाही. कणग्या विणल्या असतील, असा मोह आजच्या वाचकाला होतो इतकेच. पण एक गोष्ट स्पष्ट आहे : दोन हजार वर्षांपूर्वी या परिसरात धान्य साठवून विकणारा वर्ग इतका संघटित आणि सधन होता की तो डोंगरात लेणी खोदवून देऊ शकत होता. पिकवणारा आणि साठवणारा हे तेव्हाच वेगळे झाले होते.

पुढच्या काळात साठवण गडांवर चढली. शिवनेरीवरचा अंबरखाना आजही पाहायला मिळतो. चावंडवर खडकात खोदलेली सात टाकी आहेत. नाणेघाटाच्या राखणीला असलेल्या जीवधनावर दगडी धान्यकोठी आहे. १८१८च्या धामधुमीत तिथल्या धान्याला आग लागली, तिची राख अजून सापडते, असे गडावर जाणाऱ्यांना हमखास सांगितले जाते. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त गडावरच्या धान्यगृहांना आग, उंदीर, कीड, वाळवी यांचा उपद्रव होऊ नये म्हणून काय करावे याचा बारकाईने विचार आहे. मावळातल्या कोणत्याही गृहिणीला यातली चिंता ओळखीची वाटेल. फरक एवढाच की अंबरखान्यातले धान्य वेढ्यासाठी होते, कणगीतले आषाढासाठी. आणि अंबरखाना भरताना कणगीतूनच काहीतरी वर जात होते.

मात्र त्या व्यवस्थेत एक देवघेव होती. घाटांची आणि गडांची राखण करणाऱ्या महादेव कोळी नाईकांना त्यांच्या कामाबद्दल हक्क, वतने, मान होता. ज्या लोकांचे धान्य गडावर जात होते त्यांच्यातलेच लोक गडाच्या पहाऱ्यावर होते. जंगलात राबासाठी ढाळे तोडायला, गुरे चारायला, आडसालीचे कंद खणायला कोणाची परवानगी लागत नव्हती. कणगी रिकामी झाली तर रान उरत होते.

वहीतला आषाढ

१८१८ नंतर ही देवघेव तुटली. कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश या अधिकाऱ्याने १८३०च्या दशकात महादेव कोळ्यांविषयी सविस्तर वृत्तान्त लिहिला, तो मुंबईच्या भौगोलिक संस्थेने प्रसिद्ध केला. डोंगरातल्या लोकांकडे बंदोबस्ताचा प्रश्न म्हणून पाहण्याची सुरुवात त्या काळात झाली. नाईकांचे हक्क कमी होत गेले. सारा रोखीत आणि ठरल्या हप्त्याने भरायचा झाला. रोख पैसा या मुलखात एकाच माणसाकडे होता, आणि तो खाली बाजारगावात दुकान मांडून बसला होता.

पावसाळ्यात खाण्यासाठी घेतलेल्या धान्याला ‘खावटी’ म्हणत. ती सवाईने किंवा दिढीने फेडायची. सवाई म्हणजे मणाला सव्वा मण, दिढी म्हणजे दीड मण. ऐकताना हा व्याजदर वर्षाचा वाटतो. पण आषाढात घेतलेले धान्य कार्तिकात परत द्यायचे, म्हणजे मुदत चार-पाच महिन्यांची. दिढीचा वर्षाचा हिशेब शेकडा शंभराच्या वर जातो.

याहून सूक्ष्म गोष्ट भावाची. उदाहरणापुरते आकडे घेऊ. आषाढात भाताचा भाव मणाला चार रुपये आहे. सावकार एक मण देतो आणि वहीत चार रुपये लिहितो. दिढीने कार्तिकात सहा रुपये झाले. पण कार्तिकात सगळीकडे नवे भात आलेले असते, भाव तीन रुपयांवर उतरलेला असतो. सहा रुपये फेडायला दोन मण भात मोजावे लागते. एकाचे दोन झाले, तेही कोणी खोटा आकडा न लिहिता. दोन मण गेल्यामुळे कणगी आधीच अर्धी राहते, म्हणून पुढच्या वर्षी खावटी ज्येष्ठातच लागते. एकदा हे चक्र सुरू झाले की घरातली कणगी घरातच राहते, पण तिच्यातले धान्य सावकाराचे असते.

याविरुद्धचे उठाव याच पार्श्वभूमीवर पाहायला हवेत. अकोल्याकडच्या देवगावच्या राघोजी भांगरे यांच्या बंडात (१८४४-४८) सावकारांवरचा राग हा मोठा धागा होता. २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्यानंतर पाव शतकाने, १८७३ पासून, आंबेगावच्या जांभोरी गावच्या होन्या भागोजी केंगले यांनी पुणे, नगर, ठाणे जिल्ह्यांच्या डोंगरपट्ट्यात सावकारांना सळो की पळो केले. सावकारांची नाके कापण्याच्या प्रकारांनी सरकार हादरले. १८७६ मध्ये मेजर डॅनियल या पोलीस अधिकाऱ्याने त्यांना पकडले.

दरम्यान १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी बाजारात जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने लुटली आणि कर्जरोखे जाळले. ‘दख्खनचे दंगे’ म्हणून प्रसिद्ध असलेला हा उद्रेक पूर्वेकडच्या कोरड्या तालुक्यांतला. इतिहासकारांनी त्याची कारणे कापसाच्या पडलेल्या भावात, साऱ्याच्या फेरआकारणीत आणि सावकारांनी हात आखडता घेण्यात शोधली आहेत, ती योग्यच आहेत. पण दंगे मे महिन्यात सुरू झाले, याकडेही पाहायला हवे. पावसाआधीचा महिना म्हणजे बियाणे आणि खावटी मागायला जाण्याचा महिना. त्या महिन्यात सावकार नाही म्हणाला, तर तो पुढच्या सबंध वर्षाला नाही म्हणाला असा त्याचा अर्थ होतो. १८७९ चा दख्खन शेतकरी मदत कायदा या दंग्यांतून आला. त्याने कोर्टातला हिशेब थोडा सुधारला, आषाढातला हिशेब तसाच राहिला.

त्याच काळात उरलेला दुसरा आधारही आकसला. १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगलाच्या हद्दी पडल्या. राबासाठी तोडलेला ढाळा गुन्हा ठरू लागला. राब म्हणजे रोपासाठीची जमीन पालापाचोळा, शेण आणि फांद्यांनी भाजून घेणे. त्याने तण मरते आणि राखेचे खत मिळते. बाहेरून पाहणाऱ्याला ती जंगलाची नासाडी दिसली. शेतकऱ्याच्या दृष्टीने राब हे पुढच्या वर्षीच्या साठवणीचे पहिले काम होते.

हिरडा : कडू फळाचे चलन

या चक्रातून वर्षातून एकदा श्वास घ्यायला जागा मिळे ती हिरड्यामुळे. चैत्र-वैशाखात झाडाची कोवळी फळे झोडून, वेचून, वाळवून जो ‘बाळहिरडा’ तयार होतो तो औषधात जातो. मोठा पिकलेला हिरडा कातडी कमावण्यासाठी लागे आणि एकेकाळी त्याला इंग्लंडच्या चर्मोद्योगात चांगली मागणी होती. जुन्नर, आंबेगाव आणि शेजारच्या खेड तालुक्याच्या घाटमाथ्यावर हिरडा हे रोख उत्पन्नाचे मोठे साधन आजही आहे.

त्याचे मोल त्याच्या वेळेत आहे. पाऊस पडायच्या अगदी आधी, मीठ-मिरची, तेल, कापड आणि बियाणे घ्यायच्या दिवसांत तो हाती येतो. बेगमीला लागणारा पैसा झाडावर लागतो, असे म्हटले तरी चालेल. आणि म्हणूनच जो हिरड्याचा भाव ठरवतो तो बेगमीचाही भाव ठरवतो. व्यापारी हिरड्याच्या बदल्यात मीठ किंवा धान्य मापून देई तेव्हा दोन्ही मापे त्याचीच असत.

स्वातंत्र्यानंतर शासनाने हा व्यवहार आपल्या हाती घेण्याचा प्रयत्न केला. १९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले. १९७६ च्या आदिवासी आर्थिक परिस्थिती (सुधारणा) अधिनियमाने शेतमाल आणि वनोपजाच्या एकाधिकार खरेदीला आधार दिला. त्याच्या जोडीने पावसाळ्यात खाण्यासाठी कर्ज देण्याची योजना आली, आणि शासनाने तिला नाव दिले ते सावकाराच्या वहीतलेच : खावटी कर्ज. हा शब्द सरकारी कागदावर येणे ही लहान गोष्ट नव्हती. पावसाळ्यातली भूक ही दरवर्षीची, ठरलेली आणि म्हणून सार्वजनिक जबाबदारीची बाब आहे, हे त्यात मान्य झाले होते.

पण सरकारी खावटीला आषाढ गाठता आला पाहिजे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने या भागातल्या हिरड्याचे मोठे नुकसान केले, आणि भरपाईसाठी लोकांना पुढची काही वर्षे आंदोलने करावी लागली. त्याच वर्षी शासनाने खावटीचे रूपांतर अनुदानात केले : कुटुंबाला चार हजार रुपये, निम्मे रोख आणि निम्म्याच्या वस्तू. डाळी, कडधान्ये, तेल, साखर, मीठ, मिरची, चहा. यादी पाहिली तर कोणीतरी मावळातल्या घराची बेगमी नीट समजून घेतल्यासारखी वाटते. वाटप मात्र पुढच्या वर्षापर्यंत लांबले. सावकाराची खावटी महाग होती, पण ती दारात वेळेवर येत होती. त्याचे बळ पैशाइतकेच या वेळेत होते.

पाण्याखालची खाचरे

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या पट्ट्यातल्या साठवणीवर सर्वांत मोठा आघात पाण्याने केला. पण तो आघात पावसाचा नव्हता, अडवलेल्या पाण्याचा होता. कुकडी प्रकल्पातल्या माणिकडोह, डिंभे, वडज, पिंपळगाव जोगे या धरणांनी खोऱ्यांच्या तळाची जमीन घेतली. डोंगराळ मुलखात सपाट, गाळाची, हमखास भाताची खाचरे तळाशीच असतात. ज्या गावावरून आंबेगाव तालुक्याला नाव मिळाले ते जुने आंबेगावही डिंभ्याच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. डिंभ्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव आहे.

पाणी कालव्यांनी पूर्वेला गेले. नारायणगाव-मंचर पट्टा ऊस, टोमॅटो, कांदा, द्राक्षांनी बहरला. त्याला लागणारी माणसे पश्चिमेकडूनच येऊ लागली. नारायणगावात मजुरांचा अड्डा भरतो. आवणी उरकली की डोंगरातली माणसे, विशेषतः बायका, तिथे येऊन रोजाचा भाव ठरवतात. पूर्वी घरातल्या कणगीत असलेली बेगमी आता दुसऱ्याच्या शेतात उभी असते आणि ती रोज थोडी थोडी कमवून आणावी लागते. यात निव्वळ तोटाच झाला असे म्हणणे खोटे ठरेल. रोजाचा पैसा सावकाराच्या खावटीपेक्षा मोकळा आहे, आणि तो बाईच्या हातात येतो.

उरलेल्यांनी उरलेल्यात मार्ग काढले. जलाशयाचे पाणी उतरले की उघड्या पडणाऱ्या जमिनीत पीक घेणे, जलाशयात मासेमारीचे हक्क मिळवणे, आणि उतारावर ‘पडकई’ करणे, म्हणजे चार घरांनी मिळून, एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबून, दगडी बांध घालून नवी खाचरे तयार करणे. आंबेगाव परिसरात ‘शाश्वत’ या संस्थेने या कामांना बळ दिले; कुसुम कर्णिक यांचे नाव त्या संदर्भात घेतले जाते. ३० जुलै २०१४ रोजी माळीणवर डोंगर कोसळला, दीडशेहून अधिक माणसे गेली. त्यानंतर उतारावर यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाची बरीच चर्चा झाली. हातांनी, हळूहळू, वर्षाला थोडी अशी होणारी पडकई आणि यंत्राने एका उन्हाळ्यात कापलेला उतार या एकच गोष्टी नाहीत, हे त्या चर्चेत नेहमी ऐकले गेले असे नाही. माळीण गाडले गेले तेव्हा आवणीचे दिवस होते.

कणगीचे पुरावे

आज पश्चिम पट्ट्यातल्या घरात आषाढात चूल पेटते ती मुख्यतः रेशनच्या तांदळावर. २००० पासूनच्या अंत्योदय योजनेतले कार्डामागे ३५ किलो, आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी ५ किलो धान्य. भुकेचे महिने पूर्वीइतके भयंकर राहिले नाहीत, आणि ज्यांनी ते भोगले त्यांच्यापुढे जुन्या स्वयंपूर्णतेचे गोडवे गाऊ नयेत. ती स्वयंपूर्णता आपण समजतो तशी कधी नव्हतीच. मीठ कोकणचे, लोखंड बाजारचे, आणि धान्य पुष्कळदा सावकाराचे.

मात्र एक गोष्ट रेशनच्या पोत्यात येत नाही, ती म्हणजे बियाणे. मावळातल्या शेतकऱ्याने भुकेच्या महिन्यांवर शोधलेला सर्वांत चतुर उपाय कणगी किंवा खावटी हा नव्हता, तो हळव्या भाताचा होता. गरवे भात जास्त पिकते, पण उशिरा तयार होते. हळवे कमी पिकते, पण दसऱ्याच्या सुमारास हाती येते. थोड्या खाचरात हळवे, बाकीच्यात निमगरवे आणि गरवे, उतारावर नाचणी-वरई, अशी वाटणी करून शेतकरी भुकेचा शेवटचा महिना कापून टाकत असे. साठा वाढवता येत नसेल तर ज्या दिवसांसाठी साठवायचे ते दिवसच कमी करायचे. हे शहाणपण वाणांत साठवलेले होते, आणि वाण चुलीवरच्या माळ्यात. दरवर्षी पेरल्याखेरीज ते टिकत नाही. विकतच्या बियाण्याचे पाकीट आले आणि माळा रिकामा झाला, तर हा उपायही जातो.

साठवणीच्या इतिहासाची एक अडचण आहे. श्रेणींनी लेणी कोरली, राजांनी अंबरखाने बांधले. ते दगडात आहेत म्हणून आपल्याला दिसतात. कणगी दहा-बारा वर्षांत कुजते आणि तिच्या कामट्या चुलीत जातात. तिच्याविषयीचा लेखी पुरावा शोधायचा तर तो सावकाराच्या वहीतच सापडणार, कारण किती घरांत कोणत्या महिन्यात धान्य संपले याची नोंद ठेवण्याची गरज फक्त त्यालाच होती. आणि त्यातल्या पुष्कळ वह्या १८७५ च्या मे महिन्यात लोकांनी स्वतःच्या हातांनी जाळल्या. संशोधकाला हळहळ वाटावी, पण त्या माणसांना दोष देता येत नाही.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा आश्विन संपत आलेला असेल. वद्य द्वादशीला शहरात वसुबारस असते, तेव्हा या डोंगरांत वाघबारस असते. गुराखी पोरे घरोघरून शिधा मागतात, गावाबाहेर वाघोबाला नैवेद्य दाखवतात. पावसाळाभर गुरे राखली म्हणून. तोवर हळवे भात खळ्यावर आलेले असते. रिकाम्या कणगीला शेणाचा नवा हात दिलेला असतो, आणि ती उन्हात वाळत असते.